मुंबईत राहणारे नंबर

माझ्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा मोबाइल नंबर मुंबईत राहतो. हे वाक्य मी रत्नागिरीच्या एका थंडगार सभागृहात माइकसमोर उभी राहून म्हटलं, तेव्हा लोक हसले. बाई गमतीशीर बोलतात, असं त्यांना वाटलं. मी गमतीशीर बोलत नाही. हायस्कुलात मराठी शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि त्यात मी कमावलेलं नाव म्हणजे 'तापट बाई'. त्या दिवशी ते नाव मी राखलं की घालवलं, हे अजून माझं मला ठरवता आलेलं नाही.

आधी नंबरांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव रत्नागिरीपासून बरंच आत, दोन डोंगरांच्या मधल्या खोलगटात आहे. मोबाइल प्रत्येक घरात आहे. खाली वाडीत त्याचा उपयोग वेळ बघायला, गोठ्यात जाताना उजेड पाडायला आणि पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवायला होतो. बोलायचं असेल तर वर सड्यावर जायचं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट रान. तिथे एका जुन्या चिरेखाणीच्या कडेला उभं राहिलं की रेंज येते, आणि जरा इकडेतिकडे सरकलं की जाते. त्या जागेला गावात सगळे 'ऑफिस' म्हणतात. आई कुठे आहे विचारलं तर पोरं सांगतात, "ऑफिसात गेलीय."

आता हल्ली कुठेही गेलात तरी पहिल्यांदा नंबर विचारतात. गॅसवाला विचारतो, रेशनवाला विचारतो, बँक, दवाखाना, शाळा, सगळे विचारतात. समोरचा म्हणतो, "मोबाइल नंबर सांगा," आणि आमचा माणूस मनाशी म्हणतो, आपल्यातला लागणारा नंबर कुठला? स्वतःचा तर लागत नाही. मग तो मुंबईतल्या नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर भावाचा नंबर देतो. यात वेडेपणा काही नाही. निरोप पोचावा म्हणून नंबर द्यायचा, तर जिथे निरोप पोचतो तिथलाच देणार ना? त्यामुळे सिलिंडर निघाल्याचा मेसेज विरारला जातो. बाळाच्या लशीची तारीख नालासोपाऱ्याला जाते. अतिवृष्टीमुळे उद्या शाळेला सुट्टी, हे आमच्या शाळेचं कळवणं अंधेरीतल्या कुठल्या तरी इमारतीच्या गेटवर जाऊन पडतं. तिथला बाप्या ते वाचतो आणि सड्यावर कुणी आलं की फोन करून सांगतो. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

मग ओटीपी आला. निरोप दुपारचा संध्याकाळी पोचला तर चालतं. ओटीपीला ते चालत नाही. तो येतो आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मरतो. ज्याने कुणी हे शोधून काढलं, त्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस होता आणि त्याच्या हातात त्याचा स्वतःचा फोन होता. एका माणसाचा हात गावात आणि फोन मुंबईत असू शकतो, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसावं. मला त्याच्यावर राग नाही. मला राग आहे तो ज्यांना हे माहीत असायला हवं होतं त्यांच्यावर.

ही हकिगत ज्या मुलीची, ती माझी विद्यार्थिनी. बारावी विज्ञान चांगल्या मार्कांनी पास झालेली, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. शाळेत असताना वादविवाद स्पर्धेत 'मोबाइल : शाप की वरदान' या विषयावर ती वरदानाच्या बाजूने बोलली होती आणि तालुक्यात पहिली आली होती. त्या वेळी तिच्या घरात मोबाइल नव्हता. तिला नर्स व्हायचं होतं. आमच्या उपकेंद्रात एक सिस्टर होती, पावसाळ्यात साडी खोचून वहाळ ओलांडून वाडीवाडीत जाणारी. तिची बदली झाली आणि त्या जागेवर परत कुणी आलंच नाही. उपकेंद्राच्या कुलपावर गंज चढला. "मीच येतंय त्या जाग्यावर, बाई, थांबा तुम्ही," असं ही पोरगी मला आठवीत असताना म्हणाली होती, आणि ती बोलते ते करते.

तिचा नंबर सरकारी नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागला. घरात आनंद झाला. आईने आमच्या घरी नारळाच्या वड्या आणून दिल्या. आता फक्त ऑनलाइन जाऊन 'मला ही जागा हवी' असं कळवायचं आणि सोबत कागदपत्रं चढवायची. मुदतीत कळवलं नाही तर जागा खालच्या नंबरला जाणार. खासगी कॉलेजचा विषय काढला की तिच्या घरात सगळे दुसरीकडे बघायचे. आणि मुंबईहून एका स्थळाची विचारणा आलेलीच होती. मुलीला जागा मिळाली नाही तर दिवाळीनंतर बघू, असं चुलत्याने परस्पर सांगूनही टाकलं होतं. म्हणजे त्या एका बटणावर पोरीचं सगळं अडून बसलं होतं.

बटण दाबलं की ओटीपी जायचा तो तिच्या बाबांच्या फोनवर. ते मुंबईत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. तिथे कामावर चढताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि सुटताना परत मिळतो. ते सुटेपर्यंत अंधार पडलेला असतो. अंधारात आमच्या सड्यावर कुणी जात नाही, कारण बिबट्याने यंदा दोन वासरं नेली. म्हणजे पोरीला रेंज असते तेव्हा बापाकडे फोन नसतो, आणि बापाकडे फोन असतो तेव्हा पोरीला रेंज नसते. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जमवायचं ठरलं, तर आदल्या संध्याकाळपासून असा पाऊस लागला की लाइट गेली आणि पलीकडच्या गावचा टॉवरच बंद पडला. बाबा तिकडे खोलीत दिवसभर फोन हातात धरून बसले. पोरगी इकडे सड्यावर इरलं पांघरून उभी. दोघंही आपापल्या जागी हजर होते, आणि काही झालं नाही.

मुंबईतच कुणाकडून तरी करून घ्या, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण सगळे कागद इकडे, नंबर तिकडे. कागदांचे फोटो तिकडे पाठवायचे तर पुन्हा रेंज हवी, आणि बाबांच्या साध्या फोनवर फोटो जातच नाहीत. मग नंबरच बदलून घेऊ म्हणून मी हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात मला सांगितलं, "बदलता येईल ना मॅडम. त्यासाठी जुन्या नंबरवर एक ओटीपी जाईल." मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिचा काही दोष नव्हता, समोर लिहिलेलं होतं ते ती वाचत होती.

अशात मला ते निमंत्रण आलं. रत्नागिरीत एक परिसंवाद होता, 'जागतिक डिजिटल दरी : प्रयत्न आणि पुढची दिशा'. ग्रामीण भागातल्या शिक्षिका म्हणून मी दहा मिनिटं बोलायचं होतं. एरवी मी असल्या ठिकाणी जात नाही. तिथे शाल देतात, आणि माझ्याकडे शालींचा ढीग पडलाय. पण तारीख बघितली तर तो पोरीच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाचपर्यंत. सभागृहात वायफाय असणार. टॉवर, पाऊस, बिबट्या, कशाचीच भानगड नाही. मी होकार कळवला आणि पोरीला म्हटलं, कागद घे, चल माझ्याबरोबर. त्या परिसंवादाला मी वायफायसाठी गेले, हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

बाबांशी सगळं आदल्या दिवशी त्यांच्या खोलीतल्या सोबत्यामार्फत, निरोपानेच ठरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या दिवसापुरता बदलीचा वॉचमन गेटवर येणार होता. तो आला की बाबा लॉकरमधून फोन काढणार, आम्ही बटण दाबणार, ते आकडे वाचणार. "दुपारच्याला पक्का, बाय," असा त्यांचा निरोप आला होता. पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. पोरीने कागद प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरले होते. वाटेत तिने मला विचारलं, "बाई, डिजिटल दरी मंजे आपलीच ना?" मी म्हटलं, "हो, आपलीच." "मग आपल्याकडं येऊन कोन बगत नाय ता?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

सभागृहात पंखे नव्हते, एसी होता, आणि तो इतका की पोरीने मला सकाळीच मिळालेली सत्काराची शाल मागून घेतली. शालीचा एवढा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला. व्यासपीठावर पुण्याहून आलेले एक प्राध्यापक, एक मोठे अधिकारी, एका संस्थेच्या बाई आणि पडद्यावर परदेशातून जोडलेले एक तज्ज्ञ. त्या तज्ज्ञांचं चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या मागच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचता येत होती. पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाचा माणूस रत्नागिरीत लख्ख दिसत होता. आमच्या वाडीतलं माणूस रत्नागिरीत कधी असं दिसेल, हा विचार मनात आला आणि सकाळीच माझं डोकं तापायला लागलं.

वाद जोरात चालला होता. प्राध्यापक म्हणाले, आधी केबल टाका, मग बाकीचं. संस्थेच्या बाई म्हणाल्या, केबल टाकून काय उपयोग, आधी लोकांना साक्षर करा. पडद्यावरचे तज्ज्ञ म्हणाले की आता उपग्रह आल्यामुळे केबलचा मुद्दाच निकालात निघाला आहे. त्यांनी आफ्रिकेतली दोन गावं दाखवली, तिथे हसरी मुलं होती. कुणी म्हणालं उपकरणं स्वस्त करा, कुणी म्हणालं स्थानिक भाषेत आणा. खोटं कुणीच बोलत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ते सगळे एकमेकांशी बोलत होते, आणि सगळ्यांना मनातून फार मजा येत होती. चांगला वाद झाला की माणसाला एक भूक लागते, तशी सगळ्यांना जेवणाच्या वेळेला लागली होती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या रांगेत बसलो. वायफाय झकास होतं. पोरीने घरच्या फोनवर साइट उघडली, कागद एकेक करून चढवले, सगळे हिरव्या खुणेसह चढले. तिचे डोळे चमकत होते. मग तिने माझ्या फोनवरून बाबांना लावलं. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावलं. घंटा वाजत राहिली. "बदलीवाला उशिरा आला असंल," ती म्हणाली. मग तिने बटण दाबून ठेवलं, न जाणो बाबा मेसेज बघून स्वतःच फोन करतील म्हणून. त्या ओटीपीची मुदत संपली. परत दाबलं. आजूबाजूला लोक गुलाबजाम खात होते. आमचं ताट तसंच राहिलं.

दुपारच्या सत्रात अधिकारी बोलायला उभे राहिले. मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा लावला, आणि अख्खा नकाशा हिरवागार होता. आमचा तालुका हिरवा, आमचा गाव हिरवा. ते म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात जवळपास प्रत्येक कुटुंबाशी एक चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे. म्हणजे जोडणीच्या बाबतीत दरी आपण बऱ्याच अंशी बुजवली आहे. आता प्रश्न वापराचा आहे, सवयीचा आहे." पडद्यावरच्या तज्ज्ञांनी मान डोलावली. प्राध्यापकांनी वहीत काही टिपलं.

मला आधी कळलंच नाही. आणि मग एकदम कळलं. तो हिरवा रंग आमच्या माणसांनीच भरला होता. निरोप पोचावा म्हणून दिलेला विरारचा नंबर, नालासोपाऱ्याचा नंबर, अंधेरीच्या गेटवरचा नंबर, ते सगळे नकाशात येऊन आमच्या गावावर बसले होते. चालू नंबर, प्रत्येक कुटुंबाचा. आमच्या लोकांनी अडचणीतून काढलेली वाट यांनी अडचण संपल्याचा पुरावा म्हणून लावली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मागे वळून बघितलं, तर पोरगीही नकाशाकडे बघत होती. माझा फोन तिने कानाला लावलेला होता, म्हणजे पुन्हा घंटाच वाजत होती.

माझी पाळी आली. मी लिहून आणलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ते पहिलं वाक्य बोलले. हसू आलं लोकांना. मी म्हटलं, "हसून झालं असेल तर पुढे बोलते." मग मी सगळं सांगितलं. सडा सांगितला, ऑफिस सांगितलं, लॉकर सांगितला, बिबट्या सांगितला. म्हटलं, "साहेब, तुमच्या नकाशात माझा गाव हिरवा आहे, तो मुंबईच्या नंबरांनी रंगवलेला आहे. आमच्या गावच्या नावावर जे फोन तुम्ही मोजले ते आत्ता या घडीला वसईच्या पलीकडे कुणाच्या तरी खिशात आहेत, नाहीतर लॉकरमध्ये आहेत. केबल की उपग्रह, हा वाद तुम्ही उद्या घाला. आज त्या शेवटच्या रांगेत एक मुलगी बसली आहे. तिची जागा पाच वाजता जाणार आहे. या सभागृहात नेट आहे, कागद आहेत, अधिकारी आहेत, जगातले तज्ज्ञ आहेत. यातलं कुणी तिला पाचच्या आत एक आकडा आणून देतं का, तेवढं मला सांगा. नाही तर हा सगळा वाद इथेच थांबवा आणि घरी जा."

माझा आवाज चढला होता. मी थांबले आणि सभागृहात टाळ्या झाल्या.

टाळ्या! मोठ्या, मनापासून. संस्थेच्या बाई तर उभ्या राहून वाजवत होत्या. मला वाटलं होतं कुणी उठेल, फोन काढेल, विचारेल की मुलीचं नाव काय, कॉलेज कुठलं. टाळ्या झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "बाईंच्या भावना अतिशय प्रामाणिक आहेत. तळागाळातला हा आवाज आपल्या चर्चेला एक वेगळी उंची देऊन गेला. वेळेअभावी आपण पुढच्या वक्त्यांकडे वळू या." एखाद्याने तोंडावर दार लावलं असतं तर मला इतका संताप आला नसता. शिव्या दिल्या तर माणूस भांडू शकतो. टाळ्या वाजवणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी मागच्या रांगेत पोरीजवळ येऊन बसले आणि रागाने मला रडू आलं. पोरीने माझ्या हातावर हात ठेवला. खरं तर ते मी तिला करायला हवं होतं.

चहाच्या वेळेला ते अधिकारी स्वतः आमच्याकडे आले, हे मात्र मी सांगायलाच हवं. त्यांचा चेहरा खरंच पडलेला होता. म्हणाले, "अहो, एवढंच ना? नंबर बदलून घ्या की. तुमचा घाला."

मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "बदलायला जुन्या नंबरावर ओटीपी जातो, सर."

त्यांनी खिशातून फोन काढला. मग त्यांनी बाजूला जाऊन दोन फोन केले. एकाने उचलला नाही, म्हणजे अधिकाऱ्यांचेही फोन कधीकधी उचलले जात नाहीत तर. दुसऱ्याने सांगितलं की ते खातं वेगळं आहे, आणि सिस्टिम आपोआप पाचला बंद होते, हाताने काही करता येत नाही. ते परत आले आणि म्हणाले, "सिस्टिमच तशी आहे, बाई. मी लिहून घेतो, वर कळवतो." त्यांनी खरंच लिहून घेतलं. वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. आमच्याकडे वर म्हणजे सडा.

साडेचारपासून ती बटण दाबत होती आणि मी फोन लावत होते. व्यासपीठावर समारोप चालला होता. सर्वांनी मिळून, एकत्र येऊन, कुणीही मागे राहता कामा नये, असं काहीबाही कानावर पडत होतं. 'कुणीही मागे राहता कामा नये' हे वाक्य चालू असताना साइटवर बटण होतं. आभार मानून होईपर्यंत ते बटण राखाडी झालं. पोरीने त्याच्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग तिने फोन माझ्याकडे दिला आणि कागद पुन्हा त्याच पिशव्यांत गुंडाळायला घेतले, एकेक पिशवी नीट घडी घालून.

तेवढ्यात संस्थेच्या बाई आल्या. ग्रुप फोटो होता. "तुम्ही या ना, आणि हिलाही घ्या. ग्रामीण विद्यार्थिनी फोटोत हवीच," असं म्हणून त्यांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "हात काढा." एवढंच म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं त्याने त्या दोन पावलं मागे सरकल्या. त्या वाईट नव्हत्या. तिथे वाईट असं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच माझा राग आजही कुठे टेकवायला जागा सापडत नाही. शाल आणि स्मृतिचिन्ह मी खुर्चीवरच ठेवलं आणि आम्ही बाहेर पडलो.

स्टँडवर आमची गाडी उशिरा होती. पाऊस भुरभुरत होता. मी दोन चहा आणि वडापाव घेतले, तिने वडापाव हातात धरून ठेवला. मी तिला म्हटलं, पुढची फेरी असते, रिकाम्या जागांची यादी लागते, मी स्वतः कॉलेजात जाऊन बसेन. ती "हां बाई" म्हणत होती. ती ऐकत नव्हती हे मला कळत होतं, तरी मी बोलत राहिले, कारण गप्प बसले असते तर ओरडले असते.

अंधार पडत आला तेव्हा माझा फोन वाजला. तिचे बाबा होते. मी फोन तिच्याकडे दिला, आवाज मोठा होता म्हणून मलाही ऐकू येत होता. ते धावत आल्यासारखे धापा टाकत होते.

"बाय, आत्ता सुटलो बग. बदलीवाला आलाच नाय आज. जेवायला पन सोडलान नाय सायबान. किती मेसेज आलेत गो ह्ये! कुठचा सांगू?"

पोरीने हातातला वडापाव बाकावर ठेवला.

"शेवटचा सांगतो, तोच असंल. घेतेस ना लिवून? चार... सात... परत चार..." ते एकेक आकडा सावकाश वाचत होते. मध्ये थांबून तिने ऐकला का याची खात्री करून घेत होते. आमच्याकडे निरोप सांगायची हीच पद्धत आहे, वर्षानुवर्षं निरोप असेच नीट आलेले आहेत. शेवटचा आकडा सांगून झाल्यावर ते म्हणाले, "झाला ना?"

"बाबा," ती म्हणाली, "पाच वाजता बंद झाली साइट. जागा गेली."

पलीकडे मुंबईच्या रहदारीचे आवाज येत होते. मग ते बोलले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. त्यांना खरोखरच समजत नव्हतं.

"पन," ते म्हणाले, "नंबर तर आलाय गो."